आलेख्यप्रख्य : अजिंठ्याच्या प्रतिकृती आणि हरणविचार

राजशेखराची 'काव्यमीमांसा' १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतील पहिला ग्रंथ म्हणून प्रकाशित झाली. कवीची दिनचर्या, त्याचे दालन, त्याची लेखनसामग्री यांच्या वर्णनासाठी हा ग्रंथ अभ्यासकांना प्रिय झाला. पण त्याच्या अकराव्या ते तेराव्या अध्यायांतील हरणविचाराकडे मात्र बराच काळ एक विद्वत्तापूर्ण गंमत म्हणूनच पाहिले गेले. हरण म्हणजे दुसऱ्याचा शब्द वा अर्थ उचलणे. राजशेखर त्याचा निषेध करून थांबत नाही. तो त्याचे वर्गीकरण करतो. इतर चोऱ्या काळाच्या ओघात पुसल्या जातात, वाणीची चोरी मात्र मुला-नातवंडांपर्यंत चिकटून राहते, हे जुन्या आचार्यांचे मत तो नोंदवतो. आणि चोर नसलेला कवी व चोर नसलेला व्यापारी सापडणे अशक्य, ज्याला लपविता येते तो सुखाने नांदतो, असेही तोच सांगतो. या दोन विधानांमधील ताण त्याने सोडविलेला नाही. बहुधा सोडवायचा नव्हताच.

या विचाराची परिभाषा सर्वस्वी चित्रकलेकडून आणि शरीराकडून आलेली आहे, ही बाब लक्षणीय आहे. राजशेखराच्या आधी आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या रचनांमधील साम्याला 'संवाद' म्हटले आणि त्याचे तीन प्रकार सांगितले : आरशातील प्रतिबिंबासारखे साम्य, चित्रातील आकृतीसारखे साम्य आणि दोन देहधाऱ्यांमध्ये असते तसे साम्य. पहिल्याला स्वतःचा आत्मा नाही. दुसऱ्याचा आत्मा तुच्छ. तिसऱ्यात मात्र साम्य असूनही दोघांना आपापला जीव आहे, म्हणून कवीने ते टाकू नये. राजशेखराने ही त्रयी घेतली (हेही एक हरणच) आणि तिच्यात चौथा प्रकार मिळविला. त्याच्या परिभाषेत प्रतिबिंबकल्प, आलेख्यप्रख्य, तुल्यदेहितुल्य आणि परपुरप्रवेश अशा चार पायऱ्या होतात. पहिल्या दोघांचा उगम दुसऱ्याकडे असल्याचे उघड दिसते, म्हणून ते 'अन्ययोनि'. पुढच्या दोघांत तो झाकलेला असतो, म्हणून ते 'निह्नुतयोनि'. आणि ज्याला असा उगमच नाही तो 'अयोनि' अर्थ. चारांपैकी प्रत्येकाचे पुन्हा आठ उपप्रकार. 'नटनेपथ्य' हा त्यांतला एक : एका भाषेतले दुसऱ्या भाषेचा वेष चढवून सादर करणे. मोलिएरचे प्रहसन मर्फीच्या इंग्रजी नाटकातून देवलांच्या 'संशयकल्लोळा'त कसे आले हे ठाऊक असणाऱ्या मराठी वाचकाला या नावाची यथार्थता वेगळी सांगावयास नको.

आनंदवर्धन आणि राजशेखर यांच्यातील खरा मतभेद दुसऱ्या पायरीवर आहे. आनंदवर्धनाला चित्रासारखे साम्य तुच्छ वाटते. राजशेखर प्रतिबिंबकल्पाला सर्वथा त्याज्य ठरवितो, कारण त्याने कवीचे कवित्वच जाते. परंतु आलेख्यप्रख्याचा मार्ग त्याला अनुग्राह्य वाटतो. थोड्याशा संस्कारानेही वस्तू वेगळी भासू लागते. नट रंग बदलतो आणि निराळा होतो, तसे. एकाच रूपकाविषयी दोन थोर शास्त्रकारांनी दिलेले हे परस्परविरोधी निर्णय आहेत, आणि दोघांनीही आलेख्य म्हणजे चित्र ही गोष्ट उपमान म्हणूनच वापरली आहे. ज्याचे हरण करावयाचे ते मूळच आलेख्य असेल, तर काय घडते? हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. एकोणिसाव्या शतकात तो अजिंठ्याच्या भिंतीसमोर उभा राहिला. पुढील जवळजवळ शंभर वर्षे या भिंतींची नक्कल करण्यात आली. आणि त्या नकलांतून जे निर्माण झाले व जे झाले नाही, त्याचा इतिहास हरणविचाराची कसोटी पाहणारा आहे.

मूळ भिंतींविषयी थोडेच सांगणे पुरेसे आहे. ज्या चित्रांमुळे अजिंठा जगाला ठाऊक झाला, ती बहुतांशी पाचव्या शतकातील, वाकाटक हरिषेणाच्या काळातील आहेत. सोळाव्या लेण्यातील शिलालेखात हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचे नाव आहे, सव्विसाव्यात भिक्षू बुद्धभद्राचे. ही दात्यांची नावे. चित्रकारांची नावे कोठेही नाहीत. चित्रांचे विषय जातकांतून आलेले, म्हणजे आधीच सांगितलेल्या कथांचे. छतावरील वेलपत्ती, हंस, कमळे ही कारागिरांच्या सामायिक भांडवलातील. आणि पहिल्या लेण्याच्या छतावर उंच टोप्या घातलेले परदेशी लोक मद्यपात्रे घेऊन बसलेले आहेत. चोरी ठरविण्यासाठी आधी धनी ठरावा लागतो. येथे धनी म्हणजे राजा, मंत्री, भिक्षू, श्रेणी की नाव नसलेला हात, हे ठरविणे अवघड आहे. हरणविचारात अध्याहृत असलेली 'पूर्वकवी' ही व्यक्तीच येथे अनुपस्थित आहे.

१८१९ साली जॉन स्मिथ या लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस लेणी पडली. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८४४ साली, ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल याला या चित्रांच्या प्रतिकृती तयार करण्याच्या कामी नेमले. गिलने कॅनव्हासवर तैलरंगात मोठ्या आकाराच्या प्रतिकृती केल्या. माध्यमाची ही निवड निर्णायक होती. अजिंठ्याची चित्रे भुसा-काड्या मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर, चुन्याच्या पातळ थरावर, कोरड्या भिंतीवर रंगविलेली आहेत. त्यांना 'फ्रेस्को' म्हणण्याचा प्रघात पडला असला तरी तांत्रिक दृष्ट्या तो चुकीचा आहे. तैलरंगाला स्वतःची सवय असते. तो छाया मागतो, खोली मागतो, एका दिशेने येणारा प्रकाश मागतो. भिंतीवर जेथे रेषेने घडविलेला सपाट गौर किंवा श्याम देह होता, तेथे कॅनव्हासवर प्रकाशात न्हालेला, गोलाई घेतलेला देह अवतरणे अपरिहार्य होते. गिलचा हेतू प्रतिबिंबाचा होता. झाले ते आलेख्य.

या प्रतिकृती लंडनला गेल्या आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. ३० डिसेंबर १८६६ रोजी तेथे लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक नष्ट झाल्या, मोजक्याच वाचल्या. गिल त्यानंतरही अजिंठ्याच्या परिसरातच राहिला, छायाचित्रे घेत राहिला, आणि १८७९ साली भुसावळला मरण पावला. अजिंठा गावात त्याची सहचरी पारो हिची कबर आहे; तिच्यावर २३ मे १८५६ ही मृत्युतिथी कोरलेली आहे. ना. धों. महानोरांनी आपल्या 'अजिंठा' या दीर्घकवितेत गिल आणि पारो यांना विषय केले. मराठी कवितेला नक्कल करणारा माणूस दिसावा आणि नक्कल दिसू नये, हे स्वाभाविकच होय. जी नक्कल त्याने वीस वर्षे केली ती तर राख झाली होती.

दुसरा प्रयत्न संस्थात्मक होता. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स याने १८७२ पासून १८८५ पर्यंत, हिवाळ्यात विद्यार्थ्यांच्या तुकड्या नेऊन, भिंतीमागून भिंत उतरवून घेतली. येथे प्रतिकृती हे दस्तऐवज होते तसेच ते शिक्षणही होते. कलाशाळेचा अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टन पद्धतीचा. त्यात ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टरच्या साच्यांवरून रेखाटन करणे हा पाया. ग्रिफिथ्सची भूमिका अशी होती, की हिंदी विद्यार्थ्यापुढे ठेवण्यास अजिंठ्याच्या चित्रांइतके योग्य नमुने दुसरे नाहीत. ही भूमिका त्या काळी पुरोगामी होती, यात शंका नाही. परंतु पद्धत तीच राहिली. प्लास्टरच्या साच्याच्या जागी भिंत आली, इतकेच.

आणि भिंतीने त्याची किंमत मोजली. रंग स्पष्ट दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निश चढविले गेले. ते पुढे पिवळे पडले, त्याला भेगा गेल्या, आणि खालच्या रंगाचे पापुद्रे ओढले गेले. १९२० नंतर निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञांना बोलावून भिंती स्वच्छ करून घेतल्या, तेव्हा हा एक मोठा प्रश्न होता. नक्कल करण्यासाठी मूळ बिघडविणे ही गोष्ट काव्यशास्त्राच्या कक्षेत येत नाही. शब्दाचे हरण झाले तरी शब्द जागच्या जागी राहतो. श्लोक उचलला म्हणून मूळ पोथीतून तो पुसला जात नाही. चित्राच्या बाबतीत हरण अक्षरशः हरण ठरू शकते.

राजशेखराने आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे हरणविषयक मत उद्धृत केले आहे, ते येथे स्मरणे उचित ठरेल. संस्कृत साहित्यशास्त्रात एखाद्या स्त्रीचे मत नावानिशी, आणि तेही शास्त्रार्थात, नोंदविले जाण्याचा प्रसंग दुर्मिळ. पण त्यापलीकडेही त्या मताचे मोल आहे. कवीला हरण करण्यास मोकळीक देणारी कारणे ती एकामागून एक सांगते : तो अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध आहे, त्याला प्रतिष्ठा नाही, मला आहे, त्याची वाणी गुळवेलीसारखी, माझी द्राक्षासारखी, याचे जाणकार आता उरले नाहीत, याचा कर्ता दूर देशीचा आहे, याचे मूळ नष्ट झाले आहे. ही यादी प्रामाणिक परवानगी आहे की तिरकस उपहास, याविषयी मतभेद होऊ शकतात. स्वर उपहासाचाच अधिक वाटतो. स्वतःची कीर्ती हे चोरीचे समर्थन म्हणून पुढे करणाऱ्या कवीला तिने त्याच्याच तोंडून उघडे पाडले आहे. मात्र वासाहतिक कालखंडातील प्रतिकृतींची समर्थने पाहू जाता तिची यादी भविष्यवाणीसारखी भासते. मूळ नष्ट होत चालले आहे. त्याचे जाणकार या देशात उरले नाहीत. कर्ते अनाम आहेत, आम्हांला नाव आहे. १८९६-९७ मध्ये दोन भव्य खंडांत प्रतिकृती प्रसिद्ध झाल्या तेव्हा मुखपृष्ठावर ग्रिफिथ्सचे नाव होते. ज्यांच्या हातांनी ती चित्रे उतरली त्या विद्यार्थ्यांपैकी कलेतिहासाला नीट ठाऊक असलेले नाव जवळजवळ एकच, पेस्तनजी बोमनजी. अनाम चित्रकारांची नक्कल जवळपास अनाम राहिलेल्या चित्रकारांनी केली. दरम्यान १८८५ साली साउथ केन्सिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत याही प्रतिकृतींचा मोठा भाग जळाला. उरलेल्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

पेस्तनजींचे उदाहरण प्रतिकृतीच्या सामर्थ्याविषयीच्या भाबड्या समजुतींना छेद देणारे आहे. वर्षानुवर्षे अजिंठ्यासमोर बसून ज्याने बोधिसत्त्वांच्या भुवया उतरविल्या, त्याने स्वतःची चित्रे रंगविली तेव्हा पारशी घरातील माणसे, वृद्ध, स्त्रिया, खिडकीतून येणारा उजेड असे विषय निवडले, आणि ते युरोपीय अकादमिक पद्धतीने, अतिशय कौशल्याने रंगविले. अजिंठ्याचा मागमूसही त्यांत नाही. त्याला दोष देण्याचे कारण नाही. ज्या पद्धतीने त्याला पाहावयास शिकविले होते, त्या पद्धतीत अजिंठा हा 'विषय' होता. पाहण्याची रीत नव्हती. हाताने घेतलेली गोष्ट डोळ्यापर्यंत पोहोचेलच असे नाही.

पोहोचली ती वेगळ्याच ठिकाणी, मातीच्या भांड्यांवर. कलाशाळेतील जॉर्ज टेरी याने मातकामाचा विभाग उभारला होता. झिलईचे तंत्र जाणणारे कुंभार सिंधमधून आणविले होते. या भांड्यांवर अजिंठ्याच्या छतावरील नक्षी, कमळे, पशुपक्षी, आकृती उतरू लागल्या. सिंधी झिलई, वाकाटककालीन वेलपत्ती, इंग्रज विक्रेत्याला पसंत पडेल असा घाट आणि मुंबईची भट्टी यांचा हा संकर शुद्धतावाद्यांना तेव्हाही रुचला नाही. जॉर्ज बर्डवुडसारख्या हिंदी कारागिरीच्या कैवाऱ्यांना कलाशाळांमुळे परंपरा भ्रष्ट होते अशी धास्ती होतीच. परंतु छतावरच्या चौकटीत जखडलेला हंस भांड्याच्या वाटोळ्या पोटावर येतो तेव्हा त्याला मान वळवावी लागते, पंख आखडावे लागतात. नक्षीकाराला काहीतरी सोडावे आणि काहीतरी जोडावे लागते. भव्य कॅनव्हासपेक्षा या लहान भांड्यांवर सर्जनाला अधिक वाव मिळाला, हे म्हणणे धाडसाचे वाटले तरी अवास्तव नाही. अलंकरणाला 'गौण कला' मानणाऱ्या दृष्टीला हे दिसले नाही.

तिसरा टप्पा ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीचा. ती टेंपरा पद्धतीची जाणकार. इटालियन चित्रकार चेन्निनीच्या तंत्रग्रंथाचे तिचे इंग्रजी भाषांतर १८९९ साली प्रसिद्ध झाले होते. म्हणजे भिंत, गिलावा, बंधक द्रव्य यांची जाण असलेली नक्कलकार अजिंठ्याला प्रथमच लाभली. १९०९-१० आणि १९१०-११ या दोन हिवाळ्यांत तिने येथे काम केले. तिच्यासोबत कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार, वेंकटप्पा, समरेंद्रनाथ गुप्त. हैदराबादहून सय्यद अहमद आणि फजलुद्दीन काझी. आणि इंग्लंडहून डोरोथी लार्चर. प्रतिकृतींचा संग्रह लंडनच्या इंडिया सोसायटीने १९१५ साली काढला. त्यापूर्वीच हेरिंगहॅमचे मन ढळले होते. उर्वरित आयुष्य तिने मनोरुग्णालयात काढले. हलदारांनी मात्र परत गेल्यावर बंगालीत 'अजंता' हे पुस्तक लिहिले.

कलकत्त्याच्या तरुणांनी अजिंठ्याहून काय नेले? पेस्तनजी आणि नंदलाल यांच्यामध्ये काही दशकांचे अंतर आहे, आणि त्या अंतरात स्वदेशी आंदोलन घडून गेले आहे. कलकत्त्याच्या मंडळींना अजिंठा हा अभ्यासाचा नमुना नव्हता, तो वारसा होता. हॅवेल आणि कुमारस्वामी यांनी पाश्चात्त्य अकादमिक चित्रकलेवर, विशेषतः रविवर्म्यावर, उसनवारीचा आरोप करून झाला होता. शुद्ध हिंदी कलेची साक्ष म्हणून अजिंठा हवा होता. गंमत अशी, की या शुद्धतेच्या आग्रहातून जी शैली तयार झाली ती स्वतःच दुहेरी उसनवारीवर उभी होती. १९०३ साली योकोयामा ताईकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्यास आले. अवनींद्रनाथ ठाकुरांनी त्यांच्याकडून पाहून जलरंगाचे धूसर, पुन्हा पुन्हा धुतलेले तंत्र आत्मसात केले. त्या धुक्यात अजिंठ्याच्या लांब डोळ्यांच्या, झुकलेल्या मानेच्या आकृती तरंगू लागल्या. भिंतीवर ज्या देहांना वजन आहे, जे गर्दी करून एकमेकांना रेटून उभे आहेत, ते कागदावर आल्यावर विरघळले. रविवर्म्यावर उसनवारीचा ठपका ठेवणाऱ्यांनी जपानी उसनवारीला मात्र आशियाई ऐक्य हे नाव दिले. अवंतिसुंदरीच्या यादीत हे कारण राहून गेले : कर्ता दूर देशीचा, पण आपलाच.

नंदलाल त्या धुक्यातून लवकर बाहेर पडले. भिंतीसमोर बसून रेषा ओढण्याची कवायत त्यांच्या हातात मुरली, आणि वीस-पंचवीस वर्षांनी ती वेगळ्याच रूपाने वर आली. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी केलेल्या फलकांत ढोलकवाला, कुस्तीगीर, शिंपी, शेतकरी आहेत. अजिंठ्यातले एकही पात्र नाही. परंतु एका वळणात खांद्यापासून मनगटापर्यंत जाणारी ती रेषा कोठे शिकली गेली, हे ओळखता येते. बडोद्याच्या कीर्तिमंदिरातील त्यांच्या भित्तिचित्रांत आणि भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीच्या नक्षीकामात हा प्रवास पुढे चालू राहिला. डोरोथी लार्चरचा मार्ग याहून अनपेक्षित. पहिल्या महायुद्धाच्या काळात ती भारतातच अडकली, येथील ठशांचे कापड आणि रंगाई तिने पाहिली. इंग्लंडला परतल्यावर १९२३ च्या सुमारास फिलिस बॅरनबरोबर तिने हातठशांच्या कापडाचा उद्योग मांडला. विसाव्या शतकातील इंग्रजी वस्त्रसंकल्पनात बॅरन आणि लार्चर ही नावे मानाने घेतली जातात. अजिंठ्याला चित्रे उतरवून घ्यावयास आलेली स्त्री चित्रे सोडून छिपांचे ठसे घेऊन गेली. याच सुमारास, १९२३ मध्ये, लंडनच्या रंगभूमीवर अन्ना पाव्हलोव्हाने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर बॅले सादर केला. त्याविषयी अधिक लिहावे असे त्यात फार नाही.

परपुरप्रवेश या चौथ्या पायरीचे उदाहरण शोधावयाचे तर ते अमृता शेरगिलमध्ये सापडते. परपुरप्रवेश म्हणजे परकायाप्रवेश; नाथसंप्रदायाच्या कथांमुळे ही कल्पना मराठी मनाला परकी नाही. मूळ एकच, परंतु परिकर, म्हणजे रचनेचा सारा सरंजाम, दूरचा आणि निराळा, असे राजशेखर त्याचे लक्षण सांगतो. पॅरिसमध्ये शिकलेली शेरगिल १९३६ च्या अखेरीस मुंबईहून अजिंठा-वेरूळला गेली आणि तेथून दक्षिणेकडे वळली. बंगाली चित्रशैलीविषयी तिला तिटकारा होता. अजिंठ्याचे नाव घेऊन अजिंठ्याची ताकद घालविली, असे तिचे साधारण म्हणणे. १९३७ मध्ये तिने तीन मोठी चित्रे केली : वधूचा साजशृंगार, ब्रह्मचारी, आणि बाजाराला निघालेले दक्षिणेतील खेडूत. त्यांत जातक नाही, बोधिसत्त्व नाही, लांब डोळ्यांचा ठराविक साचाही नाही. आहेत ते मातकट लाल, गडद तपकिरी, काळपट देह. पार्श्वभूमीला चिकटून बसलेली सपाट माणसे. एकमेकांकडे न पाहणारी, तरी एकाच वजनाने बांधलेली मांडणी. 'ब्रह्मचारी' चित्रात पांढऱ्या धोतरांचे पट्टे पडद्यावरच्या लयीसारखे येतात, आणि त्यांवर उघड्या शरीरांचा तपकिरी भार विसावतो. अजिंठ्याच्या भिंतीवर आकृती जशा समूहाने श्वास घेतात, तसा हा समूह श्वास घेतो. एकही रेषा उचललेली नाही. घेतलेले आहे ते संघटन.

मात्र हे संघटन तिला दिसले कसे, हाही प्रश्न विचारला पाहिजे. आधुनिक कलेमुळेच आपल्याला हिंदी चित्रे व शिल्पे कळू लागली, हे तिने स्वतःच लिहून ठेवले आहे. तिच्या डोळ्यावर गोगँचा संस्कार होता. गोगँजवळ जावा बेटातील बोरोबुदूरच्या शिल्पपटांची छायाचित्रे होती. ताहितीत १८९१ साली रंगविलेल्या मेरी आणि बाळ येशूच्या चित्रात वंदन करणाऱ्या दोन स्त्रियांच्या आकृती त्याने तेथून घेतल्या. बोरोबुदूरचे शिल्प भारतीय बौद्ध शिल्पपरंपरेच्या कुळातले. म्हणजे पाचव्या शतकातील दख्खनच्या आप्तस्वकीयांनी जावा, पॅरिस, ताहिती असा फेरा करून शेरगिलच्या डोळ्यांत घर केले होते, आणि त्या डोळ्यांनी ती वाघूर नदीच्या घळीत उभी राहिली. अलीकडच्या समीक्षेत ज्याला आंतरसंहितात्मकता म्हणतात, ती येथे एका भिंतीपुरती वा एका परंपरेपुरती उरत नाही. 'अन्ययोनि' आणि 'निह्नुतयोनि' यांच्या दरम्यान आखलेली रेषा अशा वेळी पुसट होते. योनी झाकलेली नसते, अनेक असतात.

राजशेखराची मांडणी तरीही टाकाऊ ठरत नाही. तिने हरणाला नैतिक प्रश्नातून काढून रचनेच्या प्रश्नात आणले, हे तिचे मोठे काम. तिच्यात उणीव आहे ती पायऱ्यांच्या क्रमाची. प्रतिबिंबाकडून परकायाप्रवेशाकडे चढत जाणारी ही उतरंड असे मानते, की प्रत्येक कवी आपल्या प्रतिभेनुसार एका पायरीवर उभा असतो. अजिंठ्याच्या प्रतिकृतींचा इतिहास सांगतो, की शुद्ध प्रतिबिंब कोणालाच जमले नाही. गिलला तैलरंगाने अडविले, ग्रिफिथ्सला अभ्यासक्रमाने, कलकत्तेकरांना देशभक्तीने. ज्या नंदलालांना परकायाप्रवेश साधला, ते आधी प्रतिबिंबाच्या पायरीवर घाम गाळीत बसले होते. सर्वथा त्याज्य म्हटलेली पायरी हाच त्यांचा दरवाजा होता. पेस्तनजींसाठी तीच भिंत ठरली. फरक प्रतिकृतीच्या अचूकतेत नव्हता. नकलेची गरज कोणाला, कशासाठी होती, यात होता. काव्यशास्त्रात या गरजेला जागा नाही, कारण तेथे हरण करणारा नेहमीच एकटा, सभेत बसलेला, कीर्तीची आस धरलेला कवी आहे. शाळा, कंपनी सरकार, चळवळ, बाजार हे हरण करणारे त्याला अपरिचित होते.

आणखी एका प्रतिकृतीची नोंद येथे आवश्यक आहे. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून भारतात आलेले जपानी चित्रकार आराई काम्पो यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अजिंठ्यास जाऊन भिंतींच्या प्रतिकृती केल्या. जपानमधील होर्युजी मठाच्या मुख्य मंदिरातील बौद्ध भित्तिचित्रांचे अजिंठ्याशी असलेले नाते अभ्यासकांनी पूर्वीच हेरले होते. १९४० मध्ये होर्युजीच्या त्या भिंतींच्या प्रतिकृती करण्याचे काम सुरू झाले, तेव्हा एका तुकडीचे प्रमुखपद आराईंकडे आले. काम पुरे होण्याआधी, १९४५ साली, ते वारले. इतरांनी ते चालू ठेवले. २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे, प्रतिकृतींचे काम सुरू असतानाच, मंदिरात आग लागली आणि सातव्या-आठव्या शतकातील ती चित्रे करपून गेली. चित्रकार थंडीत वापरीत असलेल्या विजेच्या उबदार आसनाने पेट घेतला असावा, असा एक तर्क आहे. अजिंठ्याच्या प्रतिकृती लंडनमध्ये दोनदा जळाल्या आणि भिंती राहिल्या. होर्युजीत भिंती जळाल्या. तेथील करपलेल्या भिंती आता वेगळ्या इमारतीत जपून ठेवल्या आहेत. आणि मुख्य मंदिरात, मूळ चित्रांच्या जागी, १९६७-६८ मध्ये चित्रकारांच्या नव्या तुकड्यांनी जुन्या छायाचित्रांच्या आधारे केलेल्या प्रतिकृती बसविलेल्या आहेत. भाविक त्यांच्यासमोर हात जोडतात.